नसलेल्या बाइटला लावलेलं कुलूप

ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा डेटाबेस ठेवलेला असेल, तर त्याच्या शेजारी दिवसभर एक बारकी फाइल दिसते. नाव डेटाबेसचंच, शेपूट मात्र एलडीबी. अ‍ॅक्सेस 2007 पासूनच्या नव्या फाइलींना एलएसीसीडीबी. सकाळी पहिल्याने डेटाबेस उघडला की ती तयार होते, संध्याकाळी शेवटचा बाहेर पडला की पुसली जाते. तिच्यात माणशी 64 बाइट असतात: 32 संगणकाच्या नावाला, 32 वापरणाऱ्याच्या नावाला. हे दुसरं नाव बहुतेक ऑफिसांत सगळ्यांचं एकच असतं, ‘अ‍ॅडमिन’. एका वेळी जास्तीत जास्त 255 जण आत येऊ शकतात, त्यामुळे ही फाइल कधीच 16 केबीच्या पुढे जात नाही.

कुणी डेटाबेस अडवून बसलं की ऑफिसातला जाणता माणूस ही यादी उघडतो आणि नाव वाचून हाक मारतो. पुष्कळदा ती हाक भलत्यालाच जाते. बाहेर पडलेल्याचं नाव अ‍ॅक्सेस खोडत नाही. नवा कुणी येऊन त्या जागी बसेपर्यंत ते तसंच राहतं. खरोखर आत कोण आहे हे ठरतं ते कुलपांवरून, आणि ती कुलपं प्रत्येकाने त्याच फाइलच्या सुमारे 27 कोटीव्या बाइटपाशी लावलेली असतात. आता 16 केबीच्या फाइलमध्ये 27 कोटीवा बाइट असणार कुठून? नसतोच. जिथे काहीच नाही तिथे कुलूप लावायची ही रीत अ‍ॅक्सेसच्याही आधीची आहे. ती का पडली हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

डेस्कटॉप डेटाबेसचा मूळपुरुष एकट्या माणसाच्या सोयीसाठी जन्मला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफला 1978 मध्ये ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेसाठी संघांची आकडेवारी हाताशी हवी होती. प्रयोगशाळेच्या युनिव्हॅकवर जेपीएलडीआयएस नावाची माहिती साठवायची प्रणाली होती. तिच्या धर्तीवर त्याने घरच्या छोट्या संगणकासाठी ‘व्हल्कन’ लिहिलं. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी ते विकायला घेतलं आणि त्याचं ‘डीबेस टू’ असं बारसं केलं. डीबेस वन कधी नव्हतंच, आणि कंपनीच्या ‘अ‍ॅश्टन-टेट’ या नावातला अ‍ॅश्टनही कुणी नव्हता. जाहिरातवाल्यांना दोन्ही नावं भारदस्त वाटली, एवढंच.

या घराण्याच्या खऱ्या कर्तबगारीचं श्रेय डीबेसच्या डीबीएफ नावाच्या फाइलच्या साधेपणाला आहे. डीबेस थ्रीपासून रूढ झालेल्या या फाइलच्या माथ्यावर एकूण नोंदी किती आणि एक नोंद किती बाइटची, हे लिहिलेलं असतं. पुढे सगळ्या नोंदी सारख्याच लांबीच्या, एकीला चिकटून एक. पाचशेवी नोंद हवी तर सरळ गुणाकार करा आणि तिथे जा. नोंदीचा पहिला बाइट मोकळा असेल तर ती जिवंत. तिथे चांदणीची खूण असेल तर ‘डिलीट’ झालेली. ही फाइल कुठल्याही भाषेत कुणालाही वाचता-लिहिता येई, म्हणूनच ती जगभर पसरली. मात्र तिला राखणदार नव्हता. मोठ्या यंत्रांवर डेटाबेस सांभाळणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो आणि सगळ्यांना त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. इथे ज्याचा तो थेट फाइलमध्ये हात घालणार.

एकटा माणूस असेपर्यंत बिघडत नव्हतं. हार्ड डिस्क महाग होती, म्हणून ती चारपाच संगणकांत वाटून घ्यायची कल्पना निघाली. कॉर्व्हससारख्या कंपन्यांनी ती आधी अमलात आणली. पण तिथे वाटली जायची ती डिस्क. प्रत्येक संगणक डिस्कवरच्या मोकळ्या जागेचा हिशेब आपापल्या मेमरीत ठेवी, आणि दोघांनी एकाच भागावर लिहिलं की दोघांचाही हिशेब चुके. म्हणून प्रत्येकाला आपला वेगळा कप्पा. म्हणजे वाटणी झाली, पण सामाईक असं काही उरलं नाही. युटा राज्यातल्या नोव्हेल कंपनीसाठी काम करणाऱ्या ड्रू मेजर आणि त्याच्या सोबत्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे उलटं केलं. डिस्क सर्व्हरच्याच ताब्यात राहील आणि बाकीचे त्याच्याकडे फक्त फाइल मागतील. यातूनच नोव्हेलची नेटवेअर ही नेटवर्क-प्रणाली उभी राहिली आणि दोन टेबलांवरून एक फाइल उघडता येऊ लागली.

लगेच जुना रोग नव्या अंगात शिरला. पतसंस्थेचं उदाहरण घेऊ. खात्यात 5,000 रुपये. पहिल्या टेबलावर 2,000 चा भरणा आला, दुसऱ्या टेबलावर त्याच क्षणी 1,000 काढायची पावती आली. दोघांच्याही पडद्यावर 5,000. पहिल्याने 7,000 लिहून ठेवले, दुसऱ्याने त्यावर 4,000 लिहिले. हवे होते 6,000. भरण्याचा मागमूस नाही, कुठे चूक झाल्याची सूचना नाही, आणि दोन्ही कारकुनांनी आपापलं काम चोख केलेलं.

मोठ्या यंत्रांच्या जगात यावर उत्तर निघालेलं होतं. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1975-76 च्या निबंधांत कुलूप कशाला लावायचं, सबंध तक्त्याला की एका नोंदीला, आणि ते कधी सोडायचं याचं गणित मांडलं होतं. टेबलावरच्या पीसीला कुलूप मिळालं ते ऑगस्ट 1984 मध्ये, डॉस 3.0 बरोबर. शेअर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आधी चालू करून ठेवायचा, आणि मग फाइलच्या अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा पट्टा अडवा, असं डॉसला सांगता यायचं. पाठोपाठच्या डीबेस थ्री प्लसने ते नोंदीपर्यंत आणलं: आरलॉक म्हटलं की एक नोंद, एफलॉक म्हटलं की अख्खी फाइल. तरी डीबेसला फारसा भरवसा वाटत नसावा, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर तो फाइल एकट्यासाठीच उघडी आणि बाकीच्यांना ‘फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे’ म्हणून परत पाठवी.

खरी अडचण डॉसच्या कुलपातच होती. ते फार कडक होतं. अडवलेल्या पट्ट्यात इतरांना लिहिता यायचं नाही हे ठीक, पण वाचताही यायचं नाही. एकाने खातं दुरुस्तीला घेतलं की दुसऱ्याची शिल्लक-यादी त्या खात्यापाशी येऊन अडकणार. यावर त्या काळच्या प्रोग्रॅमरांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डीबेसचे प्रोग्रॅम कंपाइल करून देणाऱ्या क्लिपरने पाचशेवी नोंद अडवायची झाली तर त्या नोंदीला हात न लावता 1 अब्ज अधिक 500 व्या बाइटला कुलूप लावलं. तेव्हा ऑफिसातली हार्ड डिस्क 20-40 एमबीची. 1 अब्जावा बाइट कुठल्याच फाइलमध्ये असायची शक्यता नव्हती. पण डॉसला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो आकडा टिपून ठेवी आणि दुसऱ्या कुणी तोच आकडा अडवायला आलं तर नाही म्हणे. खरी नोंद वाचायला सगळ्यांना मोकळी, लिहिण्याआधी मात्र प्रत्येकाने त्या दूरच्या आकड्यापाशी जाऊन विचारायचं.

म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमालच हा. तो कुणाला बसण्यापासून अडवत नाही. रुमाल दिसला की बसायचं नसतं, हे सगळ्यांना मान्य असतं म्हणून जागा राहते. आणि ज्याला ही रीतच ठाऊक नाही, तो खुशाल बसतो.

असे न जुमानणारे निघालेच. क्लिपरचं कुलूप 1 अब्जापाशी, डीबेसच्याच घराण्यातल्या फॉक्सप्रोचं आणखी कुठे, डीबेसचं तिसरीकडे. एकाच डीबीएफवर एका टेबलावरून क्लिपरचा प्रोग्रॅम आणि दुसऱ्यावरून फॉक्सप्रो चालवलं, तर दोघेही नियमाने कुलूप लावत आणि दोघांनाही एकमेकांचं दिसत नसे. मग ‘इंडेक्स उडाला’, म्हणजे नोंदी शोधायची सूची बिघडली, ही वार्ता. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, फाइली खरोखरच 1 जीबीकडे सरकू लागल्या, तेव्हा क्लिपरला आपली जागा 4 अब्जांच्या पलीकडे न्यायची सोय करावी लागली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात या घराण्यातलं फॉक्सप्रो सर्वांत रुळलं. ओहायोतल्या डेव्ह फुल्टनच्या फॉक्स सॉफ्टवेअरचं हे काम डीबेसच्याच बोलीत बोलायचं आणि त्याच्यापेक्षा पळायचं जोरात. अ‍ॅश्टन-टेटने खटला भरला. डिसेंबर 1990 मध्ये न्यायाधीशांनी उलट अ‍ॅश्टन-टेटचेच कॉपीराइट हक्क रद्द ठरवले, कारण डीबेसचं मूळ जेपीएलडीआयएसमध्ये आहे हे कंपनीने नोंदणी करताना सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी हा निकाल मागे घेतला गेला, पण तोवर कंपनी खिळखिळी झाली होती. 1991 मध्ये ती बोरलँडने घेतली, आणि पुढच्याच वर्षी फॉक्स मायक्रोसॉफ्टने.

फॉक्सप्रो चालवलेल्या ऑफिसांत एक आरोळी अजून काहींच्या कानात असेल: ‘सगळ्यांनी बाहेर पडा, पॅक करतोय!’ डिलीट केलेली नोंद फक्त खूण लावून जागेवरच पडून असे. ती खरोखर काढायची तर ‘पॅक’ म्हणायचं, आणि पॅकला फाइल एकट्याला हवी. कोपऱ्यातल्या नोडवर कुणीतरी फाइल उघडी ठेवून चहाला गेलेला असे. पडद्यावर ‘कुलूप लावण्याचा प्रयत्न चालू आहे, थांबवायचं तर एस्केप दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तेवत राही आणि सगळी शाखा त्या माणसाची वाट पाही.

याच फाइलींत मराठीही आली, ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्र डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवी आणि डीबेसला त्याची कल्पनाही नसे. त्याच्या लेखी ते नुसते बाइट. जिस्टच्या इस्की संकेतात ‘क्षीरसागर’ला नऊ बाइट लागत, आणि ठरीव रुंदीच्या रकान्यात लांब आडनावांचं शेपूट कापलं जाई.

नोव्हेंबर 1992 मध्ये अ‍ॅक्सेस आलं. त्याच्या पोटातलं जेट इंजिन हुशार होतं, पण तेही प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावरच चालणारं. सर्व्हरवर नुसती फाइल. राखणदार अजूनही नव्हता. शिवाय इथे नोंदी कमी-जास्त लांबीच्या, 2 केबीच्या पानांत भरलेल्या, आणि कुलूप लागायचं ते पानाला. शंभर बाइटची एक नोंद दुरुस्तीला घेतली की आजूबाजूच्या वीसेक नोंदी विनाकारण बंद. अ‍ॅक्सेस 2000 ने अक्षरांसाठी युनिकोड स्वीकारला. मराठी मजकूर जिस्टच्या कसरतीशिवाय ठेवता येऊ लागला तो तेव्हापासून. पण अक्षराला दोन बाइट लागू लागले म्हणून पान 4 केबीचं झालं, म्हणजे अडकणारे शेजारी आणखी वाढू शकत होते. त्याच आवृत्तीत एकेका नोंदीला कुलूप लावायची सोय आली, ती यायलाच हवी होती.

फॉर्मच्या डाव्या पट्टीत हे सगळं दिसतं. तुम्ही लिहायला घेतलं की तिथे पेन्सिल उमटते. नोंद दुसऱ्याच्या हातात असेल तर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ. पण अ‍ॅक्सेस आपणहून ‘कुलूप नको’ याच पर्यायावर असतं. हा आशावादी पंथ संगणकशास्त्रज्ञ कुंग आणि रॉबिन्सन यांच्या 1981 च्या निबंधातला: टक्कर क्वचितच होते, तर आधीपासून अडवणूक कशाला, जतन करताना पाहून घेऊ. टक्कर झालीच तर चौकट येते: तुमच्यामागे कुणीतरी ही नोंद बदलली आहे, तुमचंच ठेवू, क्लिपबोर्डवर घेऊ, की सोडून देऊ? हा प्रश्न त्या घाईतल्या माणसाला विचारणं मला कधीच पटलेलं नाही. दुसऱ्याने काय बदललं हे त्या चौकटीत दिसत नाही, पहिलं बटण दाबलं की काम संपतं, आणि पतसंस्थेतला तो भरणा पुन्हा एकदा, या वेळी संमतीने, गडप होतो.

जाणत्यांनी यावर डेटाबेस दुभंगायची शिस्त घातली. तक्ते तेवढे सर्व्हरवर. फॉर्म, रिपोर्ट आणि कोड यांची वेगळी फाइल करून तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर. एकाच्या प्रतीत बिघाड झाला तर ती टाकून नवी द्यायची. हे काम करून देणारा विझार्ड अ‍ॅक्सेसमध्येच आहे, तरी पुष्कळ ऑफिसांत आजही एकच फाइल सगळे मिळून उघडतात.

मधल्या काळात पायाखालची जमीन हलत राहिली. विंडोजचा सर्व्हर एखाद्या फाइलला एकच गिऱ्हाईक असेल तर त्याला म्हणतो, तुझे बदल तुझ्याच मेमरीत राहू दे, दुसरा आला की कळवीन. याने कामं वेगात होतात; पण ज्यांचा सगळा व्यवहार एका फाइलमध्ये एकाच वेळी हात घालण्यावर चालतो त्यांचं बिनसू शकतं. 2018 मध्ये विंडोज 10 च्या 1803 या आवृत्तीनंतर वर्षानुवर्षं नीट चाललेले अ‍ॅक्सेसचे डेटाबेस ‘विसंगत अवस्थेत’ असल्याच्या तक्रारी करू लागले. उपाय म्हणून सर्व्हरवरची ही सवलत बंद करावी लागली.

वनड्राइव्हवर ठेवलेल्या डेटाबेसचं याहून अवघड आहे. तिथे दोन टेबलांवर मुळात दोन प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीशेजारी आपापली एलएसीसीडीबी. दोघेही 27 कोटीव्या बाइटपाशी जाऊन विचारतात आणि दोघांनाही जागा मोकळीच सापडते, कारण ते वेगवेगळ्या फाइलींत विचारत असतात. नंतर प्रती जुळवताना वनड्राइव्हला दोन्ही बदललेल्या दिसतात. त्याला आतल्या नोंदी कळत नाहीत, म्हणून तो दोन्ही ठेवतो आणि एकीच्या नावापुढे संगणकाचं नाव जोडतो. कुठल्या प्रतीत कुठला भरणा आहे, हे मग हाताने शोधावं लागतं.