चुकीचं नाव पडलेला जीवाणू

कसाऱ्याला लोकल संपते. पुढे थळ घाट सुरू होतो. चढ ३७ फुटांमागे एक फूट असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे जादा इंजिनं जोडतात. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ‘बँकर’ हा शब्द माहीत असतो, आणि त्याचा पैशाशी संबंध नसतो. १८६५ मध्ये हा घाट गाड्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून मुंबईतून नाशिककडे काहीही जायचं असलं, माणूस, धान्य, टपाल किंवा ताप, की ते कसाऱ्यावरून जाऊ लागलं.

ताप मुद्दाम लिहिलं. मी पीएचडीसाठी माणसाच्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या ‘संधिसाधू’ जीवाणूंच्या जीनोमची तुलना करते. संधिसाधू म्हणजे एरवी नाकात, घशात, कातडीवर गुपचूप राहणारे आणि शरीर कमजोर पडलं की आजार करणारे. हे काम नक्की कशासाठी, असं घरी विचारतात तेव्हा मी १९१८ पासून सुरुवात करते. कारण ज्या जीवाणूपासून जीनोमच्या तुलनेचा इतिहास सुरू होतो, त्याचं नाव त्या वर्षाच्या साथीशी जोडलेलं आहे. आणि ते नाव चुकीचं आहे.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. महिनाभरात शहर आजारी पडलं. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती मारणारी. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मराठी मुलखात या आजाराला ‘मानमोडी’ म्हणायचे. तो रुळांवरून देशभर गेला, आणि त्या काळच्या आरोग्य खात्याच्या अहवालांनीही रेल्वेकडेच बोट दाखवलं. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. देशभराचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत.

मग मारलं कुणी? तेव्हाच्या डॉक्टरांकडे एक तयार उत्तर होतं. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये, आधीच्या फ्लूच्या साथीतल्या रुग्णांच्या थुंकीत एक बारीक जीवाणू पाहिला होता आणि हाच इन्फ्लुएन्झाचं कारण, असं जाहीर केलं होतं. म्हणून १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा तोच शोधत बसल्या. त्याच्यावर लसीही बनल्या. पण हिशेब जुळेना. काही रुग्णांत तो सापडायचाच नाही आणि काही धडधाकट माणसांच्या घशात खुशाल सापडायचा.

१९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा केला, तेव्हा उलगडा झाला. फ्लू जीवाणूमुळे होतच नाही. पण तोवर जीवाणूचं बारसं होऊन गेलं होतं: हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. नामकरणाच्या नियमांत नाव चुकीचं निघालं म्हणून बदलत नाहीत, त्यामुळे ते टिकलं. ‘हिमोफिलस’ म्हणजे रक्तप्रिय. याला वाढायला रक्तातले दोन घटक लागतात, म्हणून आम्ही त्याला तापवलेलं रक्त घातलेल्या चॉकलेट अगारवर वाढवतो. त्यात चॉकलेट नसतं, फक्त रंग तसा असतो.

तो निर्दोष सुटला का? तसंही नाही. पुढच्या संशोधकांनी १९१८ चे शवविच्छेदनाचे जुने अहवाल आणि जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने पुन्हा तपासले. बहुतेक मृत्यूंमध्ये विषाणूच्या पाठोपाठ जीवाणूंचा न्यूमोनिया झालेला दिसला. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस आणि आपला हिमोफिलस, हे सगळे नाका-घशातले नेहमीचे रहिवासी. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं आणि रहिवासी खाली फुप्फुसात उतरले. फायफर यांना जीवाणू खरोखरच दिसला होता. फक्त त्याची भूमिका ओळखताना चूक झाली.

आता थेट २८ जुलै १९९५. या दिवशी ‘सायन्स’ नियतकालिकात स्वतंत्रपणे जगणाऱ्या एखाद्या सजीवाचा संपूर्ण जीनोम पहिल्यांदा छापून आला, तो याच हिमोफिलसचा. रॉबर्ट फ्लाइशमन, हॅमिल्टन स्मिथ, क्रेग व्हेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाचला. १८,३०,१३७ अक्षरं, सुमारे १,७४३ जनुकं. पद्धत अशी समजा: एकाच रेल्वे वेळापत्रकाच्या ढीगभर प्रती घ्यायच्या, सगळ्या वेड्यावाकड्या फाडायच्या, आणि कपट्यांवरचा सारखा मजकूर जुळवत अख्खं वेळापत्रक परत उभं करायचं. जुळवणी अर्थात संगणकाने केली.

हाच जीवाणू का निवडला? कारण स्मिथ यांचा तो जुना सोबती होता. १९७० मध्ये याच जीवाणूतून त्यांनी ठरावीक जागी डीएनए कापणारं विकर शोधलं होतं आणि १९७८ मध्ये त्यांना त्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. आमच्या फ्रीजरमध्ये हिन-डी-थ्रीची कुपी असते, त्यातलं ‘हिन’ म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. पहिल्या वर्षाची मुलं ते ‘हिंद’ वाचतात आणि आम्ही काही दिवस वाचू देतो.

एक जीनोम हातात आला की फक्त यादी होते. दुसरा आला की तुलना सुरू होते. त्याच वर्षी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा छोटासा जीनोम आला, ५,८०,०७० अक्षरांचा. १९९६ मध्ये मुशेगियन आणि कूनिन यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि पेशी जगायला कमीत कमी किती जनुकं लागतील याचा अंदाज काढला: २५६. हे दोन्ही जीवाणू माणसाच्या शरीरातले.

पुढे एकाच जातीच्या अनेक वाणांची तुलना होऊ लागली. १९९५ चा वाण प्रयोगशाळेत वाढलेला, अंगावरचं शर्करेचं कवच हरवलेला होता. लहान मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या ‘ब’ प्रकारात कवचाची जनुकं असतात, त्याच्यात नव्हती. इथे जनुकातला फरक आणि आजारातला फरक अगदी जुळतो. ‘ब’ प्रकारावरची हिब लस त्या कवचावरच बेतलेली आहे. भारतात ती डिसेंबर २०११ पासून पेंटाव्हॅलंट लसीतून आधी केरळ-तमिळनाडूत आणि मग टप्प्याटप्प्याने महाराष्ट्रासह देशभर मिळू लागली.

पण बिनकवचाचे वाण, म्हणजे खरे संधिसाधू, यांच्यात गोष्ट इतकी सरळ नाही. २००७ मध्ये तेरा वाणांचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा सगळ्यांची मिळून जितकी जनुकं भरली, त्यांतली निम्म्याहून थोडीच जास्त तेराही वाणांत होती. बाकीची कुणाकडे आहेत, कुणाकडे नाहीत. शिवाय काही जनुकांत ‘सीएएटी’ सारखी चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. पेशी दुभंगताना ही संख्या एखाद्याने कमी-जास्त होते, वाचन घसरतं आणि जनुक बंद पडतं किंवा पुन्हा चालू होतं. त्यामुळे एकाच घशातल्या एकाच वाणाची भावंडंही वेगवेगळा पृष्ठभाग घेऊन फिरतात. कुणी प्रतिकारशक्तीला चुकवतं, कुणी पकडलं जातं.

मग आजारी फुप्फुसातला वाण आणि निरोगी घशातला वाण कशाने वेगळे ओळखायचे? असलं की आजार आणि नसलं की नाही, असं एकही जनुक बिनकवचाच्या वाणांत सापडलेलं नाही. सुरुवातीला मी यामुळे निराश झाले होते. मला ते एक जनुक हवं होतं, फायफर यांना एक जंतू हवा होता तसंच.

नंतर १९१८ च्या मुंबईचे आकडे वाचले. साथीतला मृत्युदर हजारी असा नोंदला गेला: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२ आणि ज्यांना नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलंय त्यांचा ६१.६. शहर एक, साथ एक. घशातले जीवाणू जात विचारून राहत नाहीत. तरी सात पटींहून जास्त फरक. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, आणि चाळीच्या खोलीत आजाऱ्याला पाणी द्यायला कुणी उभं राहू शकेल अशी स्थिती प्रत्येक घरात नव्हती. संधी जीवाणूने तयार केली नव्हती.

जीनोमची तुलना म्हणून निरुपयोगी ठरत नाही. हिब लस तिच्या आधीची असली तरी कोणता वाण लसीतून निसटतोय, प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक कुठून कुठे गेलं, हे आज तुलनेतूनच कळतं. पण आम्ही जीनोम सार्वजनिक संग्रहात जमा करतो, तेव्हा तक्त्यात नमुना कुठून घेतला, कधी घेतला, रुग्णाला काय झालं होतं, एवढं भरतो. तो माणूस काय खात होता, किती जणांच्या खोलीत झोपत होता, दवाखान्यात किती दिवसांनी पोहोचला, हे रकाने आम्ही सहसा भरत नाही. माझ्या नमुन्यांसाठी, रुग्णाची संमती असेल तिथे, मी ते आता वेगळ्या वहीत लिहून ठेवते. प्रबंधात त्याचं एक प्रकरण होईल की नुसतं परिशिष्ट, हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवायचं आहे. मी प्रकरणासाठी भांडणार आहे.