‘इट्स’ची साक्ष

आज एका चिमुकल्या इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय. ‘इट्स’. म्हणजे वस्तूचं ‘त्याचं’. शाळेत आपण तो असा शिकलो, जणू इंग्रजीच्या जन्मापासून तो आहे. तसं नाही.

जुन्या इंग्रजीत मराठीसारखीच तीन लिंगं होती. दगड ‘तो’, चंद्र ‘तो’, सूर्य मात्र ‘ती’. आणि बाईला म्हणायचे तो ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी! (हसू नका, आपणही ‘ते मूल’ म्हणतोच.) ‘तो’ आणि ‘ते’ या दोघांचं षष्ठीचं रूप एकच, ‘हिज’. यात नवल काही नाही. आपल्याकडे ‘तो वाडा, त्याचं दार’ आणि ‘ते घर, त्याचं दार’. अडतं का कधी?

इंग्रजांचं अडलं. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात नामांची लिंगं गळून पडली, वस्तू ‘इट’ होत गेल्या. मग ‘हिज’ म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहायला लागला. काही जण नुसतं ‘इट’ वापरून वेळ मारून नेत. ‘इट्स’ छापलेला दिसतो तो थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस. 1611 च्या किंग जेम्स बायबलात तो एकदाही नव्हता. लेवीय 25:5 मध्ये आज सापडतो, तो 1660 च्या आवृत्तीत मागाहून घातलेला.

आता एक गोष्ट सांगतो. ब्रिस्टलचा टॉमस चॅटर्टन, 1770 मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी गेला. या पोरानं टॉमस रौली नावाचा पंधराव्या शतकातला धर्मगुरू कल्पिला, त्याच्या नावानं कविता लिहिल्या आणि जुन्या चर्चच्या पेटीतले कागद म्हणून लोकांपुढे ठेवल्या. 1777 मध्ये त्या पुस्तकरूपानं निघाल्या, आणि खऱ्या की बनावट यावर विद्वान भांडत बसले. स्पेलिंग जुनाट, शब्द कोशांतून वेचून घेतलेले. आणि मध्येच ‘इट्स’! पंधराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी तो येईल कुठून?

मला त्या मुलाबद्दल आजही हळहळ वाटते. दुर्मीळ शब्दांत तो चुकला तर कळलं असतं, पण हा त्याच्या रोजच्या बोलण्यातला. पुढे भाषेच्या अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलं. वाद घालणाऱ्या पंडितांच्या नजरेतूनही तो निसटावा यात आश्चर्य नाही. तेही ‘इट्स’ म्हणतच लहानाचे मोठे झाले होते.