विद्यापीठांची आचारसंहिता आणि विद्यार्थ्यांचे भाषणस्वातंत्र्य

अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर तेथील आचारसंहिता बंधनकारक असते. परीक्षेतील गैरप्रकार, वसतिगृहातील शिस्त, मद्यपान, मारामारी आदी बाबींबरोबरच विद्यार्थ्याने काय बोलू नये, याविषयीची कलमेही तीत असतात. या कलमांना तेथे 'स्पीच कोड' म्हणतात. मराठीत 'भाषणसंहिता' म्हणता येईल. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणारे बहुतेक विद्यार्थी प्रवेशाच्या धांदलीत ही संहिता न वाचताच मान्य करतात. तिच्यातील एखाद्या मोघम शब्दाने किती अनर्थ होऊ शकतो, हे अमेरिकी न्यायालयांतील गेल्या काही दशकांच्या निकालांवरून दिसते.

पार्श्वभूमी

१९६४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रशासनाने आवारात राजकीय प्रचारासाठी टेबले मांडण्यास बंदी केली. १ ऑक्टोबर रोजी टेबल मांडून बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याला पोलिसांनी अटक करून गाडीत बसविले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या गाडीला सुमारे ३२ तास वेढा घातला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा शेवट डिसेंबरमध्ये प्राध्यापकसभेच्या ठरावाने झाला. भाषणाची वेळ, जागा व पद्धत यांवर वाजवी नियम असावेत. भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने निर्बंध घालू नयेत, असा तो ठराव ८२४ विरुद्ध ११५ मतांनी संमत झाला.

सर्वोच्च न्यायालयाची दिशाही तीच होती. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधणाऱ्या शाळकरी मुलांची बाजू १९६९ साली न्यायालयाने उचलून धरली. एका डाव्या विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारणारा कनेक्टिकटमधील सरकारी महाविद्यालयाचा निर्णय १९७२ साली सदोष ठरला. अश्लील समजले गेलेले व्यंगचित्र असलेले वृत्तपत्र वाटल्याबद्दल मिसुरी विद्यापीठाने काढून टाकलेल्या पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला १९७३ साली दिलासा मिळाला. केवळ सभ्यतेच्या संकेतांचे कारण पुढे करून सरकारी विद्यापीठाला विचारांचा प्रसार रोखता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

मिशिगनचा धडा

१९८०च्या दशकात चित्र पालटले. मिशिगन विद्यापीठात १९८७ साली कृष्णवर्णीयांना धमकावणारी पत्रके सापडली. विद्यार्थ्यांच्या आकाशवाणी केंद्रावरून वंशद्वेषी विनोद प्रसारित झाले. संतप्त विद्यार्थ्यांनी कारवाईची मागणी केली आणि विद्यापीठाने १९८८ साली भाषणसंहिता लागू केली. वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल आदी कारणांवरून एखाद्याला 'कलंकित' वा 'पीडित' करणारे शाब्दिक वा शारीरिक वर्तन तीत दंडनीय ठरविण्यात आले. सोबतच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उदाहरणे होती. 'या विषयात स्त्रिया पुरुषांइतक्या हुशार नसतात', असे वर्गात म्हणणारा विद्यार्थी हे त्यांपैकीच एक.

जैवमानसशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपले नाव गुप्त ठेवून या संहितेस आव्हान दिले. त्याच्याविरुद्ध तक्रार झालेली नव्हती. परंतु स्त्री-पुरुषांतील जैविक भेदांविषयीचे वादग्रस्त सिद्धांत वर्गात मांडले तर आपण दोषी ठरू, अशी भीती त्याला वाटत होती. केवळ अपमानकारक बोलणे आणि कलंकित करणारे बोलणे यांत फरक कसा करणार, असे न्यायालयाने विचारले असता विद्यापीठाचे वकील उत्तरले, 'फार काळजीपूर्वक'. न्यायमूर्ती एव्हर्न कोन यांनी सप्टेंबर १९८९ मध्ये ही संहिता घटनाबाह्य ठरविली. संहितेत दोन दोष आढळले. संरक्षित भाषणही तिच्या कक्षेत येत होते, म्हणजे ती अतिव्याप्त होती. आणि नेमके काय निषिद्ध आहे हे वाचणाऱ्याला कळत नव्हते, म्हणजे ती संदिग्ध होती. १९९१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची संहिताही अशीच रद्द झाली.

न्यायालयाची कसोटी

यावरून सारेच बोलणे क्षम्य ठरते, असे नव्हे. खरी धमकी, तात्काळ हिंसेला दिलेली चिथावणी आणि छळ यांना पहिल्या घटनादुरुस्तीचे संरक्षण नाही. छळ कोणता, याचे मोजमाप सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका शाळेच्या खटल्यात केले. वर्तन गंभीर, सातत्याचे आणि कोणत्याही तटस्थ व्यक्तीला आक्षेपार्ह वाटेल असे हवे. शिवाय त्यामुळे पीडित विद्यार्थ्याची शिक्षणाची समान संधीच हिरावली जायला हवी. एखादे वाक्य ऐकून मन दुखावले, एवढ्याने ही कसोटी पूर्ण होत नाही.

मात्र पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, त्यामुळे तिचे बंधन सरकारी विद्यापीठांवर आहे. खासगी विद्यापीठे प्रामुख्याने आपल्याच नियमावलीतील आश्वासनांना बांधील असतात. कॅलिफोर्नियाने मात्र १९९२ साली स्वतंत्र कायदा करून खासगी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही हे संरक्षण दिले. त्याच कायद्याच्या आधारे स्टॅनफर्डची १९९० सालची संहिता १९९५ मध्ये रद्द झाली.

नवे अवतार

'भाषणसंहिता' हे नाव बदनाम झाल्यावर तोच आशय इतर नियमांतून अवतरला. छळाच्या व्याख्येतून 'गंभीर' व 'सातत्याचे' हे शब्द गाळण्यात आले. टेम्पल विद्यापीठात इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका सैनिकाला लष्करातील स्त्रियांच्या भूमिकेविषयी मोकळेपणाने बोलता येईना. त्याच्या दाव्यावरून २००८ साली तेथील छळविरोधी नियम घटनाबाह्य ठरला.

दुसरा प्रकार 'भाषणक्षेत्रां'चा. आवारातील ठरावीक कोपऱ्यातच, आगाऊ परवानगी घेऊन बोलायचे. जॉर्जियातील एका सरकारी महाविद्यालयात २०१६ साली धर्मप्रचार करणाऱ्या विद्यार्थ्याने रीतसर परवानगी काढून अशा क्षेत्रात भाषण केले, तरी तक्रारी आल्याचे सांगून त्याला थांबविण्यात आले. खटला दाखल होताच महाविद्यालयाने नियम बदलला आणि आता वादच उरला नाही, असा पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी तो फेटाळला. झालेल्या हक्कभंगाबद्दल नाममात्र भरपाईसाठीही दावा चालू शकतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

तिसरा प्रकार म्हणजे पूर्वग्रहाच्या तक्रारी घेणारी पथके. या पथकांना शिक्षेचा अधिकार नसतो. ती विद्यार्थ्याला 'चर्चे'साठी बोलावतात. मिशिगनमधील अशा पथकाविषयी अपील न्यायालयाने २०१९ साली म्हटले, की अशा निमंत्रणातही कारवाईचा गर्भित धाक असतो.

दुसरी बाजू

या संहितांच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. कायदेपंडित मारी मात्सुदा व चार्ल्स लॉरेन्स यांनी असे मांडले, की वंशद्वेषी शिवीगाळीची झळ ज्याला बसते तो विद्यार्थी वर्गात गप्प होतो. म्हणजे एकाच्या भाषणाने दुसऱ्याचे भाषण बंद पडते. वसतिगृहाच्या दारावर द्वेषमूलक मजकूर लिहिलेला पाहून खोलीत परतणाऱ्या मुलाला 'उत्तर भाषणाने द्या' हा उपदेश पोकळ वाटला, तर त्यात नवल नाही. तथापि, मोघम कलम नेमके कोणाविरुद्ध वापरले जाईल, यावर ते लिहिणाऱ्याचे नियंत्रण राहत नाही.

याचा प्रत्यय २०२३नंतर आला. गाझा युद्धावरून आवारे पेटली. ज्यूंच्या वंशसंहाराचे आवाहन संहितेविरुद्ध आहे काय, या प्रश्नावर ५ डिसेंबर २०२३ रोजी तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांनी काँग्रेसपुढे 'संदर्भावर अवलंबून' अशा आशयाची उत्तरे दिली. पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी चार दिवसांतच राजीनामा दिला. वाङ्‌मयचौर्याच्या आरोपांचीही भर पडल्यावर हार्वर्डच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये पद सोडले. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी तंबू, ध्वनिक्षेपक, मुखवटे आणि पूर्वपरवानगी यांविषयीचे नियम कडक केले. बर्कलीच्या ठरावातील वेळ, जागा व पद्धत हेच शब्द आता निदर्शने आवरण्यासाठी वापरले गेले. एके काळी संहितेची मागणी करणारे आणि तिला विरोध करणारे, दोघांनीही या काळात बाजू बदलल्याचे अनेकदा दिसले.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

परदेशी विद्यार्थ्यासाठी ही बाब अधिक नाजूक आहे. त्याचा व्हिसा पूर्णवेळ नोंदणीवर अवलंबून असतो. अमेरिकी विद्यार्थ्याचे निलंबन झाले तर त्याचे एखादे सत्र वाया जाते. भारतीय विद्यार्थ्यावर मात्र देश सोडण्याची वेळ येऊ शकते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असून त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणेही तेथेच नमूद आहेत. तरीही शिस्तीच्या नावाखाली काय घडू शकते, हे मे २०२५ मध्ये पुण्यात दिसले. 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळातील समाजमाध्यमावरील मजकुरावरून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला अटक झाली आणि महाविद्यालयाने तिचे म्हणणे ऐकून न घेताच तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला जामीन दिला, बडतर्फीचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेस बसू देण्यास सांगितले.

तेव्हा आचारसंहितेवर स्वाक्षरी करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी व पालकांनी काही गोष्टी तपासाव्यात. निषिद्ध बोलण्याची व्याख्या नेमकी आहे, की 'अनुचित', 'आक्षेपार्ह' अशा शब्दांवर भागविले आहे? तक्रार आल्यास निर्णय कोण घेणार? आरोप लेखी मिळतो काय, बाजू मांडता येते काय आणि अपील कोणाकडे करता येते? मिशिगनच्या त्या विद्यार्थ्याला कोणतीही शिक्षा झालेली नव्हती. नियम वाचून बोलावे की न बोलावे, या संभ्रमात तो पडला होता आणि न्यायालयाने तेवढाच संभ्रम दाद देण्यास पुरेसा मानला.