दोन माहेरवाशिणी

खिशात मोबाइल चाचपू नका, तो अजून यायचाय. हाताला लागेल ते पुठ्ठ्याचं छोटं तिकीट, टीसीने चिमटा काढलेलं. शुक्रवार, 12 ऑगस्ट 1983. व्ही.टी.हून सुटलेल्या पंचवटी एक्स्प्रेसच्या दारापाशी तुम्ही रेक्झिनच्या बॅगेवर बसला आहात. वय 26, फोर्टातल्या एका बँकेत क्लार्क. सोमवारी 15 ऑगस्ट आलाय आणि उद्याच्या अर्ध्या दिवसाची तुम्ही रजा टाकली आहे.

डब्यात वर्ल्ड कपनंतर दीड महिन्यानेही कपिलच चालू आहे. 17 धावांत 5 गडी, मग त्याचे नाबाद 175. त्या खेळीचं चित्रीकरणच झालेलं नाही, पण जो तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतो. समोरचा गिरणीवाला तेवढा गप्प आहे. जानेवारी 1982 पासून संप. त्याच्या पायाशी ट्रंक आणि सुतळीने बांधलेली गादी. सुट्टीला जाणारा माणूस गादी नेत नाही.

कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लागतं आणि गाडी घाट चढते. बोगद्यातला ओला वारा तोंडावर आला की मुंबई संपली. इगतपुरीला इंजिन बदलतं, कारण इथून पुढे तारेतली वीज वेगळी. तेवढ्यात उतरून वडा घ्या. कागद तेलाने पारदर्शक होईल, होऊ दे.

नाशिकरोडहून सिटी बसने रविवार कारंजा, पुढे पायी. नऊ महिन्यांपूर्वी इथे महानगरपालिका झाली, पण दहानंतरचा रस्ता नगरपालिकेचाच आहे. पुलावर थांबायचंच. खाली गंगा. गोदावरी म्हणणारा बाहेरचा, हे नाशिककराला लगेच कळतं. अंधारात दुतोंड्या मारुती दिसतो, पाणी पायाशी आहे. घरी गेल्यावर पहिला प्रश्न येईल तो हाच, मारुतीला पाणी कुठवर; तुमची तब्येत नंतर.

वाड्याचा दिंडी दरवाजा ढकला. सिन्नरची ताई पंचमीसाठी आलेली आहे. तुमच्या खुंटीवर धाकट्या भावाचा शर्ट आहे आणि तुमच्या कॉटवर तो स्वतः. आई तुमच्यासाठी पाहुण्यांची सतरंजी काढते, वर नवी चादर. चादरीच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. माजघरातून आजी म्हणते, "या वर्षी दोन माहेरवाशिणी हो!" सगळे हसतात. तुम्हीही हसता, जरा उशिरा.

शनिवारी नागपंचमी. आज चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. विळी पाटाखाली आणि तवा पालथा. मग उरतं ते उकडणं, म्हणून दिंडं. चुलीपाशी बसून बघा, हे पुन्हा इतक्या जवळून बघायला मिळायचं नाही. कणकेची छोटी पोळी, मधोमध पुरण, चारी कडा पाकिटासारख्या आत दुमडलेल्या. चाळणीला तुपाचं बोट, त्यावर ही पाकिटं, वर झाकण. दहा-बारा मिनिटांनी कणीक ओलसर चकाकते आणि आतलं पुरण पिवळं दिसायला लागतं. आई पहिलं दिंड तुमच्या ताटात वाढते, दुसरं ताईच्या. भाऊ ताट पुढे करून तसाच बसलेला. पूर्वी तुम्ही तिघं भांडून घ्यायचात. (पुरणपोळीचं कौतुक फार झालं, दिंडाला कुणी वाली नाही, ही माझी जुनी तक्रार.)

रविवारचं फार सांगण्यासारखं नाही, झोपण्यात गेला. संध्याकाळी मित्र गंगेवर भेटतात. एक सातपूरला पाळी करतो, एक ओझरला मिगच्या कारखान्यात, तिसऱ्याची पिंपळगावला द्राक्षबाग. तिसऱ्याला सांगून पाहा, की वीसेक वर्षांनी मुंबईची माणसं शनिवार-रविवार नाशकात वाइन प्यायला येतील. तो म्हणेल, "तुला मुंबईचं पाणी लागलंय." चहाचे पैसे द्यायला तुम्ही खिशात हात घालता, तो हात सातपूरवाला धरतो. "राहू दे, तू पाहुणा." याचा राग येतो. दाखवू नका.

रात्री सी.बी.एस.वरून जादा गाडीने त्र्यंबक. उद्या पहिला श्रावणी सोमवार. खरी गर्दी तिसऱ्याला, पण तेव्हा रजा कोण देणार? कुशावर्तात बुडी मारून ब्रह्मगिरीची फेरी, अनवाणी, वीसेक किलोमीटर. अंधारात पुढच्याची पाठ दिसते तेवढीच वाट. पायाखाली चिखल, मध्येच खडी. पुढून कुणीतरी "बम बम भोले" म्हणतं आणि पाठीमागच्या वळणापर्यंत ते पोचतं. दुखऱ्या पायांत इथे कुणी पाहुणा नाही.

उजाडताना एका पाड्यावर शाळेसमोर पोरं रांगेत उभी दिसतात. बांबूच्या काठीला झेंडा. मास्तर दोरी ओढतात, गाठ सुटत नाही, पुन्हा ओढतात. फुलं पडतात तशी तुमची अख्खी चिखलभरली टोळी सावधान उभी राहते. कपाळाला भस्म, हातात चपला नाहीत, म्हणून हात सरळ. राष्ट्रगीत संपलं की एक पोरगा तुमच्याही हातावर लिमलेटची गोळी ठेवतो.

मंगळवारी पहाटे चारला बंब पेटलेला. पंचवटी पकडली की थेट बँकेत. ताई दुपारच्या एस.टी.ने जाणार, तिची ओटी आईने आत्ताच भरून ठेवली आहे: खण, नारळ, तांदूळ. तुमच्या बॅगेत चिवडा आणि काळा मसाला. आजी बॅगेपाशी जरा जास्त वेळ वाकलेली असते. "चेन नीट लाव," एवढंच म्हणते.

इगतपुरी सुटल्यावर चिवड्यासाठी बॅगेत हात घाला. पुडीखाली धुतलेल्या रुमालात काहीतरी बांधलेलं लागेल. मूठभर तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी. शेजारचा विचारतो, "काय, प्रसाद का?" काय सांगायचं ते ठरेपर्यंत बोगदा येतो.