आहाराचें मोजमाप

आपण काय खातों व किती खातों, हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकघरांतला दिसतो. परंतु त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हल्लीं सुशिक्षित घरांत उष्मांक, प्रथिनें, जीवनसत्त्वें हे शब्द मीठ-मिरचीइतके सवयीचे झाले आहेत. अमुक इतकीं प्रथिनें पोटांत गेलीं नाहींत म्हणून चिंता करणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. आणि अंकांचें हें थोतांड आमच्या आजोबांस ठाऊक नव्हतें, तरी ते दीर्घायुषी झाले, असें म्हणून हात झटकणारेही आहेत. या दोन पक्षांचा निवाडा करण्यापूर्वीं हे अंक आले कोठून, तें पाहणें बरें.

मात्रेचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायाचें नांवच मात्राशितीय असें आहे. परंतु तेथें मात्रा ठरते ती खाणाऱ्याच्या अग्निबलावरून, तराजूवरून नव्हे. विमानस्थानांत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठीं, एक द्रव पदार्थांसाठीं व एक वातपित्तकफांसाठीं राखावा, असें सांगितलें आहे. म्हणजे माप खाणाऱ्याच्या देहांतच आहे. ज्याचें त्यानें ओळखावयाचें. या मापाचा गुण हा कीं, तें प्रत्येकाचें निराळें असतें. दोष हा कीं, तें दुसऱ्यास पडताळून पाहतां येत नाहीं.

हा दोष दूर करण्याचा नेटाचा उद्योग इटलींतील पादुआ विद्यापीठाचा वैद्य सांतोरिओ (१५६१–१६३६) यानें आरंभिला. त्यानें एका मोठ्या तराजूस खुर्ची टांगली, आणि तींत बसून तो स्वतःसच तोलूं लागला. खाल्लेलें अन्न, प्यालेलें पाणी व मलमूत्र या सर्वांचीं वजनें त्यानें वर्षानुवर्षें टिपून ठेविलीं, आणि १६१४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसांत आठ पौंड अन्नपाणी घेतलें तर त्यांतील सुमारें पांच पौंड डोळ्यांस न दिसतां देहांतून निघून जातें, असा त्याचा निष्कर्ष होता. अन्न देहांत जाऊन नेमकें काय करतें, हें कळण्याची साधनें त्या काळीं नव्हतीं; पण आपल्या आहाराविषयींची समजूत तोलून पाहिली पाहिजे, हा धडा त्यानें घालून दिला.

पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यानें श्वासोच्छ्वास हें एक प्रकारचें मंद ज्वलनच होय, असें दाखविलें. अन्न म्हणजे इंधन, ही कल्पना तेथून रूढ झाली. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील ॲटवॉटर यानें माणूस आंत राहूं शकेल अशी बंदिस्त खोली बांधून त्याच्या देहांतून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिन किंवा पिष्टमय पदार्थ म्हणजे चार उष्मांक, व एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे नऊ, हा जो हिशेब आज डब्यांवर छापलेला आपण वाचतों, तो मुख्यतः त्याचाच.

परंतु येथेंच एक सूक्ष्म घोटाळा शिरला. म्यूनिक येथील फॉइट या शास्त्रज्ञानें कष्टकरी माणसास रोज ११८ ग्रॅम प्रथिनें लागतात, असें ठरविलें. हा आंकडा त्यानें बहुतांशीं तेथील मजूर प्रत्यक्ष काय खातात, तें पाहून काढिला होता. लोक जें खातात तें, आणि लोकांनीं जें खावें तें, या दोन गोष्टी एक नव्हेत. तरी एका देशाची संवय दुसऱ्या देशांस नियम म्हणून लागू होऊं लागली. कलकत्त्याचे प्राध्यापक मॅके यांनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत बंगाली लोकांच्या आहारांतील अल्प प्रथिनांशीं त्यांच्या दुर्बळतेचा संबंध जोडला. राज्यकर्त्यांच्या ताटावरून प्रजेचें माप घेण्याचाच हा प्रकार, असें आम्हांस वाटतें.

या नियमास शह दिला तो येल विद्यापीठांतील चिटेंडन या प्राध्यापकानें, आणि तोही स्वतःच्या देहावर प्रयोग करून. १९०२ पासून त्यानें आपल्या आहारांतील प्रथिनें उतरवीत फॉइटच्या मापाच्या सुमारें तृतीयांशावर आणिलीं. त्याचें वजन कांहींसें घटलें. पण शक्ति घटली नाहीं, आणि गुडघ्याचें जुनें दुखणेंही नाहींसें झालें. नंतर सहकारी, सैनिक व खेळाडू यांच्यावरही त्यानें प्रयोग केले, व १९०४ सालीं ते प्रसिद्ध केले. एकट्याच्या अनुभवावर न थांबतां त्यानें तो इतरांवर पडताळून पाहिला, हें विशेष होय.

आपल्या देशांत या शास्त्राचें मूळ निलगिरींतील कुन्नूर येथें रुजलें. तेथें १९१८ सालीं मॅककॅरिसन यांनीं एका खोलींत बेरीबेरीच्या संशोधनास आरंभ केला. निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांस घालून त्यांनीं पाहिलें, तों गहूं, दूध व भाज्या असलेल्या शीख आहारावरील उंदीर उत्तम वाढले, आणि भातावर भर असलेल्या मद्रासी आहारावरील खुरटले. पुढें आयक्रॉइड यांच्या देखरेखीखालीं १९३७ सालीं भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं. ज्वारी, नाचणी, तुरीची डाळ यांच्या गुणांचा अंकांत मांडलेला हिशेब सामान्य वाचकास त्यांमुळें उपलब्ध झाला. हीच संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली, व आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

यापुढील वाद तर आपल्याच माणसांनीं गाजविला. १९७१ सालीं पुण्याचे वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं दरडोई २,२५० उष्मांकांच्या आधारें देशाचें दारिद्र्य मोजलें. सातारा जिल्ह्यांत जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनीं त्यावर आक्षेप घेतला. त्यांचें म्हणणें असें : सरासरी म्हणजे कोणा एकाची गरज नव्हे. निरोगी माणसाचेंही खाणें दिवसादिवसास कमीअधिक होतें, आणि कांहीं मर्यादेपर्यंत देह तें सांवरून घेतो. म्हणून सरासरीखालील प्रत्येकास उपाशी म्हणतां येणार नाहीं. विरोधकांचें उत्तरही तितकेंच सबळ होतें. देह काटकसर करतो, पण तिची किंमत मुलांच्या खुंटलेल्या वाढीनें व मजुराच्या घटलेल्या श्रमशक्तीनें मोजावी लागते. मग त्या काटकसरीस आरोग्य कसें म्हणावें? आमच्या मतें दोन्ही पक्ष आपापल्या जागीं खरे आहेत : एक अंकाची मर्यादा सांगतो, दुसरा त्या मर्यादेचा गैरवापर होऊं नये म्हणून बजावतो.

मग घरच्या ताटाचा हिशेब करावा कीं न करावा? करावा, पण तीन गोष्टी ध्यानांत ठेवून. पहिली, स्मरणावर विसंबूं नये. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क येथील एका अभ्यासांत, आपण अल्प खातों तरी वजन उतरत नाहीं असें सांगणाऱ्या स्थूल माणसांनीं आपला आहार प्रत्यक्षापेक्षां जवळजवळ निम्म्यानें कमी सांगितल्याचें आढळलें. तीं माणसें लबाड होतीं असें नव्हे. येतांजातां तोंडांत टाकलेली चिमूट कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. दुसरी, एका दिवसावरून निर्णय करूं नये. निदान आठवडाभर टिपण ठेवावें. आणि २०२० सालच्या भारतीय शिफारशींतील ६५ किलो वजनाच्या पुरुषास रोज सुमारें ५४ ग्रॅम प्रथिनें, हा अंक वाचतांना तो बहुतेक सर्वांस पुरावा अशा बेतानें मुद्दाम वर ठेविलेला आहे, हें विसरूं नये. त्याहून थोडें कमी पडलें म्हणजे रोग जडला, असें नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती कोणत्याही कोष्टकांत नाहीं. महिन्याचें धान्य माणसांच्या संख्येनें भागलें कीं घराची सरासरी उत्तम निघते; पण सर्वांचीं जेवणें उरकल्यावर पातेल्यांत काय उरलें व तें कोणाच्या वांट्यास आलें, तें त्या भागाकारांत दिसत नाहीं. आपल्या अनेक घरांत शेवटीं जेवणारी व्यक्ति कोण, हें सांगावयास नको. ज्या गृहस्थांस आपल्या आहाराचें मोजमाप करण्याची हौस असेल, त्यांनीं वहीचें पहिलें पान स्वतःच्या ताटासाठीं न ठेवितां त्या शेवटच्या ताटासाठीं ठेवावें, अशी आमची सूचना आहे.