चुना, तुरटी, गंज आणि लॅन्थनम

पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी हंड्यात आणलं की त्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. माती खाली बसते, वरचं पाणी गाळून घ्यायचं. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात कापसासारखे पुंजके करतं आणि ते गाळ धरून खाली नेतात. हेच पुंजके पाण्यात विरघळलेलं फॉस्फेटही धरतात, हे मात्र मला सत्तरी उलटल्यावर कळलं. तेही पुतण्यामुळे.

माझा पुतण्या जर्मनीत असतो आणि त्याने घरात समुद्र पाळलाय. म्हणजे खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, त्यात मासे आणि जिवंत प्रवाळ. (आपल्याकडे हा नाद करू नका, मंडळी! खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीत.) गेल्या वर्षी त्याच्या टाकीत हिरवं शेवाळ माजलं आणि प्रवाळ एकेक करून मान टाकू लागले. फोनवर एकच विषय, "काका, फॉस्फेट वाढलंय."

मी मराठी-इतिहासाचा मास्तर. मला रसायनापेक्षा त्याची बखर जास्त गोड लागते, म्हणून ती शोधत बसलो.

माशांना घातलेल्या खाण्यात फॉस्फरस असतो. खाल्लेलं, न खाल्लेलं, सगळं शेवटी पाण्यात उतरतं. प्रवाळांच्या मोकळ्या समुद्रात फॉस्फेट लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं, आणि टाकीत ते सहज दहापट होतं. शेवाळाची दिवाळी! शिवाय दुसरा घाव आहे. केनेथ सिमकिस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात फॉस्फेटला त्याने स्फटिकांचं विष म्हटलं. चुनखडीचा स्फटिक वाढत असताना फॉस्फेट त्याच्या अंगाला चिकटतं आणि वाढ अडवतं. प्रवाळाचा तर सगळा सांगाडाच चुनखडीचा. हवाईच्या कानेओहे उपसागरात सांडपाण्याने शेवाळ माजून प्रवाळ गुदमरत होते. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचे नळ खोल समुद्राकडे वळवले, तेव्हा ते सावरू लागले. टाकीला कुठला आलाय खोल समुद्र? तिथे रसायनच हवं.

घरात प्रवाळ जगवण्याची वाट दाखवली ती जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी लिहिलं की समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीचं निसर्गावर सोपवा. पुढे पीटर विल्केन्स यांनी युरोपात चुन्याच्या निवळीचा प्रसार केला. जर्मनीत तिला 'काल्कवासर' म्हणतात. आपल्या आज्या बाळांना ज्या निवळीचे थेंब देत, तीच ही. ती प्रवाळाला कॅल्शियम देते, आणि जिथे पडते तिथे पाणी क्षणभर तीव्र अल्कली होऊन थोडं फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साक्यात जातं. चुन्यानंतर गंज. १९९० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी लोह हायड्रॉक्साइडचे तांबूस दाणे तयार केले गेले. आर्सेनेट आणि फॉस्फेट रचनेने सख्खी भावंडं, त्यामुळे दाणे दोघांनाही धरतात. मत्स्यालयवाल्यांनी ते लगेच उचलले. आणि तुरटीची चुलत बहीण ॲल्युमिनियम सल्फेट १९७० मध्येच अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या हॉर्सशू तळ्यात ओतून झाली होती.

आता लॅन्थनम. याची कथा मला सगळ्यांत आवडली.

१८३९ मध्ये स्टॉकहोमला कार्ल मोसांडर सेरियमचं नायट्रेट भाजून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल घालत होता. त्यात त्याला एक नवं मूलद्रव्य लपलेलं सापडलं. लपून राहणे या ग्रीक क्रियापदावरून नाव पडलं लॅन्थनम. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने गॅसबत्तीचं पहिलं मँटल केलं, त्यात लॅन्थनम होतं. प्रकाश हिरवट पडला, धंदा चालला नाही. १८९१ मध्ये त्याने थोरियम आणि चिमूटभर सेरियम वापरून नवं मँटल केलं आणि जग उजळलं. आमच्या गावच्या लग्नांत, जत्रेत सूं सूं करणाऱ्या पेट्रोमॅक्सचं मँटल याच घराण्यातलं.

थोरियमसाठी मोनाझाइट वाळू हवी. अशी हकीकत सांगतात की त्रावणकोरहून जर्मनीला जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला १९०९ मध्ये मोनाझाइट दिसलं. ज्यांनी काथ्या वळला त्यांना आपण काय पाठवतोय याचा पत्ताही नसणार! स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. मुख्य कचेरी मुंबईत, आणि १९५२ मध्ये केरळात आलुव्याला कारखाना.

तर गंमत अशी की मोनाझाइट हे स्वतःच फॉस्फेट आहे. सेरियम, लॅन्थनम, थोरियम वगैरे मंडळींचं फॉस्फेट. कोट्यवधी वर्षं लाटांनी घासूनही ते विरघळलं नाही, इतकी ही मिठी घट्ट. आलुव्याला ती वाळू कॉस्टिक सोड्यात शिजवून मिठी सोडवत. एका बाजूला लॅन्थनम आणि त्याचे सोबती, दुसऱ्या बाजूला ट्रायसोडियम फॉस्फेट, जे साफसफाईच्या पावडरींसाठी विकलं जाई. आणि आता माणूस लॅन्थनम क्लोराइडचे थेंब पाण्यात सोडतो ते कशासाठी? त्याने पुन्हा फॉस्फेटला धरावं म्हणून. बाटलीतून सुटताच ते आपलं जुनं माणूस शोधतं.

तळ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या सरकारी शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बेंटोनाइट मातीत लॅन्थनम बसवलं. पोहण्याच्या तलावांसाठी बाटल्या निघाल्या, आणि तिथून ते मत्स्यालयात शिरलं. स्वस्त आणि झटपट. पण झटपटपणातच धोका आहे. साका इतका बारीक होतो की पाणी दुधाळ दिसतं आणि तो माशांच्या कल्ल्यांत जातो. सर्जनफिशला हे सोसत नाही असा पाळणाऱ्यांचा अनुभव. म्हणून द्रावण भरपूर पातळ करून थेंब थेंब सोडतात, तेही पाच-दहा मायक्रॉनच्या गाळणपिशवीत. लॅन्थनम कार्बोनेटलाही धरतं, त्यामुळे अल्कता उतरते, तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. एवढं करून चार दिवसांनी आकडा पुन्हा वर. कारण टाकीतल्या खडकांनी वर्षानुवर्षं फॉस्फेट पोटात साठवलेलं असतं, पाणी स्वच्छ झालं की ते हळूहळू परत देतात. पुतण्याची पिशवी तीन महिने चालू होती.

शून्यावर नेऊन तर मुळीच चालत नाही. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही फॉस्फरस लागतो. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ अशी स्थिती आली तर उष्णतेत प्रवाळ लवकर पांढरे पडतात, असं साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं.

हे सगळं मी एवढ्या आस्थेने वाचलं, त्याला आणखी एक कारण आहे. या पुतण्याचे वडील, म्हणजे आमचा दादा, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. मूत्रपिंडं थकली की रक्तात फॉस्फेट साचतं. मशीन थोडं काढतं, पुरेसं नाही. हाडं ठिसूळ होतात, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना बसतो. तिथेही इतिहास तोच आहे हे पाहून मी चमकलो. आधी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्री यांनी डायलिसिसच्या रुग्णांच्या स्मृतिभ्रंशाचा संबंध मेंदूत साठलेल्या ॲल्युमिनियमशी जोडला. डायलिसिसच्या पाण्यातूनही ते शिरत होतं. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. २००४ मध्ये अमेरिकेत लॅन्थनम कार्बोनेटला परवानगी मिळाली, २०१३ मध्ये लोहाच्या गोळीला. तुरटी, चुना, लॅन्थनम, गंज. टाकीतले चारही!

दादाची गोळी लॅन्थनमची आहे. जेवताना चावून खायची, अख्खी गिळायची नाही. अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच धरून ती बाहेर नेते. दही, दूध, पनीर मोजून. शेंगदाण्याची चटणी बंद, हे त्याला सगळ्यांत जड जातं. जन्म साताऱ्यातला!

हल्ली बापलेक रविवारी फोनवर एकमेकांचे आकडे विचारतात. पुतण्याने परवा ०.०५ सांगितला आणि लॅन्थनमचे थेंब बंद केल्याचंही. दादाचा गेल्या महिन्याचा ५.८ होता, त्याआधीच्या महिन्यात ६.९. माझ्या हातात रिपोर्ट देऊन तो म्हणाला, "बघ रे, माझं शेवाळ उतरतंय का."