झाडीतील गाणे आणि घरचे ध्वनिमुद्रण

दिवाळी आटोपली आणि धानाच्या बांध्यांतील कापणी उरकत आली, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या मुलखात नाटकांचा हंगाम सुरू होतो. हा मुलूख दाट जंगलाचा. म्हणून त्यास झाडी अथवा झाडीपट्टी असे नाव पडले. गावोगावी मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि दिवसाची गर्दी पांगली की रात्री रंगमंच उजळतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे होय. थंडीत अंगावर पांघरूण घेऊन बसलेला प्रेक्षक उजाडेपर्यंत जागचा हलत नाही. त्यास संवाद हवे असतात, विनोद हवा असतो; परंतु या सर्वांहून अधिक ओढ असते ती पदांची.

पद रंगते, टाळ्या पडतात, पहाट होते आणि मंडळी पुढच्या गावाची वाट धरते. मग त्या पदाचे मागे काय उरते? ज्याने ते रचले त्याचे नाव पुष्कळदा तिसऱ्या गावापर्यंतही पोचत नाही. चाल दुसऱ्याच्या गळ्यात शिरते, तेथे थोडी पालटते, आणि दहा वर्षांनी मूळ चाल कोणती हे सांगणारा कोणी राहत नाही. लिहिलेले शब्द वहीत टिकतात. स्वर वहीत टिकत नाही. हौशी गीतकाराच्या घरच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. झाडीच्या बाजूने पाहिले असता तो स्मरणाचा प्रश्न आहे, असे दिसून येईल.

पूर्वी या मुलखात गाण्याची जपणूक माणसेच करीत. दंडार आणि खडी गंमत हे येथील जुने लोकनाट्यप्रकार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी परंपरेने चालत आले. भजनांचीही तीच कथा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः पदे रचीत आणि हाती खंजिरी घेऊन ती स्वतःच गात. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे 1942 च्या ऑगस्टमध्ये जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांनी चेतविलेले लोकमानस होते. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथे कारावास घडला. त्यांची पदे गावोगाव पोचली ती भजनी मंडळांच्या मुखाने. मंडळ हीच त्या काळची ध्वनिमुद्रिका होती. मात्र ज्याच्या पाठीशी असे मंडळ नव्हते, त्या एकट्या गीतकाराचे गाणे त्याच्याबरोबरच संपे.

आता थोडे दूर जाऊन पाहिले पाहिजे. कारण ध्वनिमुद्रण ही प्रथम घरची वस्तू होती, आणि पुढे ती घरातून निघून गेली, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. अमेरिकेत थॉमस एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. त्याचे उपयोग कोणते होतील याची यादी त्याने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केली. तीत पत्रे सांगणे होते, अंधांसाठी बोलती पुस्तके होती आणि कुटुंबातील माणसांचे आवाज जपून ठेवणेही होते. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या. त्यांवर घरच्या घरी आवाज उतरविता येई, तो ऐकता येई, आणि पसंत न पडल्यास मेणाचा वरचा थर खरवडून पुन्हा गाता येई. चूक करावी, ऐकावी आणि सुधारावी, अशी ही सोय होती.

एमिल बर्लिनरच्या सपाट तबकडीने हे सारे पालटले. तबकडीच्या हजारो प्रती स्वस्तात निघत, म्हणून बाजारात तिचाच जय झाला. परंतु घरच्या ग्रामोफोनवर तबकडी वाजविता येई, तीवर गाता येत नसे. अशा रीतीने घर श्रोत्याचे झाले आणि गाणे कारखान्याचे झाले. हिंदुस्थानात फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक 1902 मध्ये कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात गौहर जान हिचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे. तेवढ्यात ख्याल बसवावा लागे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव मोठ्याने उच्चारी, म्हणजे परदेशी कारखान्यात तबकडी कोणाची हे ओळखू येई. अशा व्यापारात मोठ्या शहरांतील नामांकितांस स्थान मिळाले. वैनगंगेच्या काठच्या दंडारीसाठी कंपनीने रानवाटा तुडवाव्यात, असा तो व्यापार नव्हता.

तरीही त्या जुन्या ध्वनिमुद्रकांपासून घेण्यासारखा एक धडा आहे. 1925 पर्यंत विजेचा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, ध्वनिमुद्रणात रूढ झालेला नव्हता. गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई. तार स्वर आला की त्यास मागे सरकावे लागे, मंद्र स्वर आला की पुढे यावे लागे. वाद्येही जवळदूर मांडून त्यांचा मेळ साधीत. यंत्रात स्वर कमीअधिक करण्याची सोय नव्हती; जी काय सुधारणा करावयाची ती माणसाच्या उभे राहण्याच्या जागेने करावी लागे. ध्वनिमुद्रणकलेचे मर्म कोणापासून किती अंतरावर उभे राहावे यात आहे, हे त्या कर्ण्याने शिकविले. आजच्या घरच्या ध्वनिमुद्रणात नेमका याच धड्याचा विसर पडलेला दिसतो.

तबकडीने घरातून नेलेले गाणे परत आणले ते चुंबकीय फितीने. जर्मनीत 1935 मध्ये फितीचे यंत्र लोकांसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोचले आणि तेथून सर्वत्र पसरले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झाले, आणि विदर्भातील गायकांस ध्वनिग्राहकासमोर बसण्याची जागा जवळ आली. तथापि ती जागाही संस्थेची होती. सामान्य घरात यंत्र आले ते फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये बाजारात आणलेल्या लहान कॅसेटमुळे. हिंदुस्थानात 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांबरोबर टेपरेकॉर्डर येऊ लागले, आणि पुढील दहा वर्षांत कॅसेटने तबकडीस बाजारातून जवळजवळ हुसकून लावले. भीमगीते, भजने, लोकगीते यांना त्यामुळे मोठी वाट मिळाली. परंतु प्रतीवरून प्रत, तीवरून पुन्हा प्रत असे होता होता फितीची खरखर वाढत जाई आणि गाणे तिच्याखाली दबून जाई. यंत्र घरी आले, पण घरी केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे कमअस्सल, हा समजही त्याच्यासोबत आला.

हा समज किती एकांगी आहे, हे 1982 या एका वर्षाच्या दोन घटना शेजारी ठेवल्या असता ध्यानात येते. त्या वर्षी 26 ऑगस्ट रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील आपल्या घरी ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायक-गीतकाराने चार मार्गांच्या एका लहान कॅसेटयंत्रावर काही गाणी उतरवून ठेवली होती. हे यंत्र 1979 पासून बाजारात आले होते, आणि त्यावर एका आवाजावर दुसरा आवाज चढविता येई. पुढे वाद्यवृंदासह गाणी नीट मुद्रित करावयाची, त्यापूर्वीचा हा कच्चा नमुना, ज्यास आज सर्वत्र ‘डेमो’ म्हणतात. वृंदासह प्रयत्न झाले, पण घरच्या फितीतील एकटेपणा त्यांत उतरेना. अखेर ती घरची फितच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध करण्यात आली. साधने तुटपुंजी होती. मात्र गाणाऱ्याचा आवाज स्पष्ट होता, वाद्य मोजके होते आणि काय सांगावयाचे याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता.

आज वडशाच्या वा मूलच्या तरुण गीतकाराजवळ खिशात जो फोन असतो, त्यात त्या चार मार्गांहून कितीतरी अधिक सोयी आहेत. असे असूनही पुष्कळ घरगुती गाणी ऐकवत नाहीत. ती का ऐकवत नाहीत, याचा विचार केला तर दोष बहुधा यंत्राबाहेर सापडतो.

पहिला दोष अंतराचा. झाडीतील गायकाचा गळा उघड्या मैदानासाठी घडलेला असतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय मोठ्या कष्टाने कमावलेली असते. तोच गायक खोलीत फोन दूर ठेवून गातो, तेव्हा फोन त्याच्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतणारा नादच अधिक टिपतो. अंतर दुप्पट झाले की थेट आवाजाचे बळ चौथाईवर येते. खोलीतील घुमणे मात्र तसेच राहते. म्हणून ध्वनिग्राहक तोंडापासून सुमारे एक वीत असावा, आणि तो नेमका ओठांसमोर न ठेवता किंचित बाजूस असावा. मराठीत ‘भ’, ‘फ’, ‘ध’ यांसारखे महाप्राण वर्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या उच्चारासरशी सुटणारा वारा सरळ ध्वनिग्राहकावर आदळला, तर शब्दाऐवजी धपकाच उमटतो. इतक्या जवळून गाताना आवाज फेकण्याची गरज नाही. शेजारी बसलेल्यास सांगावे तसे गावे. मैदानी गायकास हे सर्वांत कठीण जाते.

दुसरा दोष जागेचा. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी यांनी स्वर घुमतो. याउलट जुन्या कुडामातीच्या घरात, जेथे धानाची पोती रचलेली आहेत आणि दांडीवर वाकळा टांगल्या आहेत, तेथे स्वर शांत राहतो. कारण मऊ व खडबडीत वस्तू नाद शोषून घेतात. जे घर गरिबीची खूण म्हणून मानले जाते, तेच या कामी अधिक गुणकारी ठरते. सिमेंटच्या घरातही गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंस गोधड्या टांगल्या असता पुष्कळ काम होते. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक. तेथे पंखा आणि कूलर बंद ठेवून दुपारी गाणे हा देहदंडच होय. पावसाळ्यात टिनाच्या छपरावर सरी वाजतात आणि रात्री रातकिडे थांबत नाहीत. तेव्हा हिवाळ्यातील पहाट, अथवा उन्हाळ्यात झुंजूमुंजू होण्याची वेळ, हीच घरगुती ध्वनिमुद्रणाची खरी वेळ.

तिसरा दोष हव्यासाचा. भांडे काठोकाठ भरले की थोड्या धक्क्यानेही सांडते. तद्वत आवाजाची पातळी यंत्राच्या शेवटच्या रेषेपर्यंत नेली, तर तार स्वर फाटतो, आणि फाटलेला स्वर मागाहून कोणत्याही उपायाने सांधला जात नाही. काही जागा मोकळी ठेवावी. तीच गोष्ट वाद्यांची. फोनमध्ये शेकडो वाद्ये आयती मिळतात, म्हणून ती सर्व एका गाण्यात कोंबावीत असे नाही. कच्च्या नमुन्याचे प्रयोजन गाणे दाखविणे हे आहे. एक स्वर, एक ताल आणि त्यांवर स्पष्ट शब्द, इतके पुरे. आयता घुमारा चढवून दोष झाकणे हे तर धूळ सतरंजीखाली लोटण्यासारखे होय.

आणि सर्वांत मोठी सुधारणा कानाने होते. मुद्रित केलेले गाणे त्याच रात्री चांगले वाटते. दुसऱ्या सकाळी ऐकावे. ते फोनवर ऐकावे, ध्वनिक्षेपकावर ऐकावे, आणि ज्याने ते पूर्वी ऐकलेले नाही अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसास ऐकवून शब्द कोठे कळले नाहीत एवढेच विचारावे. जेथे तो अडखळेल, तेथे खरवडलेल्या मेणाप्रमाणे ते पुसून पुन्हा गावे. आरंभी आपले नाव, गावाचे नाव आणि तारीख उच्चारावी. गौहर जानची ती रीत आजही निरुपयोगी ठरलेली नाही.

मात्र सुधारणेच्या नावाखाली काय पुसू नये, हेही ठरविले पाहिजे. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. शहरी कानास हा दोष वाटतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक संकोचून उच्चार पुस्तकी करतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीस स्वतःचे व्याकरण आणि शब्दभांडार आहे, हे परिश्रमपूर्वक दाखवून दिले. झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य वेचलेले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. या गौरवानंतरही गीतकाराने स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रासमोर, आपल्या बोलीची लाज बाळगावी, हे उचित नव्हे. गोंडी अथवा माडिया गाण्यांविषयी तर हे अधिकच खरे आहे. कारण त्यांचे फारच थोडे कागदावर उतरलेले आहे. खरखर काढावी, घुमणे काढावे, पंख्याची घरघर काढावी. गळ्याचे गावपण काढू नये.

कारखान्याने नेलेले साधन सुमारे शंभर वर्षांनी घरी परतले आहे. मधल्या काळात या रानातील किती पदे हवेत विरली, याची गणती कोणी ठेवलेली नाही. आज निष्काळजीपणे उतरविलेले गाणे त्याच वाटेने जाईल. कारण जे ऐकवत नाही ते जपलेही जात नाही. हंगामातील नाटक उजाडताच संपते. परंतु त्याच पहाटे, पोत्यांच्या आडोशाला, वीतभर अंतरावरून नीट गायिलेले एक पद पुढच्या पिढीच्या कानांपर्यंत पोचू शकते.